फ्रेंच दागिने : खडे उरले, घडण कुठे गेली?

गारगोटी

फ्रेंच दागिन्यांवरचं लिखाण बहुतेक वेळा कॅरटपासून सुरू होतं आणि लिलावाच्या आकड्यापाशी संपतं. या धाग्यावर आपण घडणीच्या अंगाने बोलू. पाठ कशी आहे, सांधा कुठे लपवलाय, कोणत्या धातूमुळे काय जमलं, काय नाही जमलं.

सुरुवातीला एक मुद्दा मांडते. पॅरिसमध्ये कित्येक शतकं अव्वल काम झालं, पण १७८९ च्या आधीचं आज फारच थोडं हाताशी आहे. क्रांतीत लूट झाली हे खरंच, पण त्याहून मोठं कारण सराफीच्या रोजच्या व्यवहारात आहे. खड्याला मोल, घडणावळ मात्र बुडीत. पद्धत बदलली की जुना दागिना मोडीत आणि खडे नव्या कोंदणात. राजघराण्याने हेच केलं, सरदारांनीही हेच.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे १४ व्या लुईचा निळा हिरा. गोवळकोंड्याच्या खाणींतला, ताव्हेर्निए या फ्रेंच हिरेव्यापाऱ्याने १६६८ मध्ये राजाला दिलेला, सुमारे ११५ कॅरटचा. १६७३ मध्ये दरबारी सराफ पितोने तो पुन्हा पैलू पाडून सुमारे ६९ कॅरटवर आणला. १७४९ मध्ये १५ व्या लुईसाठी जाकमँ या सराफाने तो 'गोल्डन फ्लीस' या सरदारी मानाच्या पदकात बसवला. १७९२ मध्ये राजकोशावर दरोडा पडला आणि पदक मोडलं. हिरा आणखी कापला गेला. आज वॉशिंग्टनमध्ये ४५.५२ कॅरटचा 'होप' म्हणून जो आहे तो हाच.

त्याच पदकात एक लाल स्पिनेल (माणकासारखा दिसणारा खडा) होतं, जाक ग्वेने ड्रॅगनच्या आकारात कोरलेलं, १०७.८८ कॅरटचं. ते आजही लूव्रच्या संग्रहात आहे, ड्रॅगनसकट. कारागिरी खड्याच्या अंगातच होती, त्यामुळे खडा ठेवून ती वेगळी फेकता आली नाही. जाकमँच्या सोनारकामाचं मात्र काहीच उरलं नाही, ते आपल्याला चित्रांवरून आणि नंतर केलेल्या प्रतिकृतींवरून समजून घ्यावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की फ्रेंच दागिन्यांचा इतिहास वाचताना 'हे का टिकलं' हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा. उत्तरं फार बोलकी मिळतात.

टाकणखार

मुद्दा पटला, आणि त्याचं उलटं टोक म्हणजे पॅरिसचा दागिने घडवणारा रने लालीक. १८९० च्या दशकात त्याने शिंग, काच, मीना, चंद्रकांत, ओपल असा माल वापरला, ज्याला मोडीत काही किंमत येत नाही. मोडून फायदा नाही म्हणून वस्तू अखंड राहिल्या. लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयातली चतुरस्त्री घ्या (अर्धी बाई, अर्धा चतुर किडा असा छातीवरचा दागिना, १८९७-९८, सुमारे २३ सेंमी उंच, पंख पसरून २६.५ सेंमी रुंद). त्यात हिरेही आहेत, पण नजर जाते ती क्रिसोप्रेझ या हिरव्या खड्याच्या कोरीव देहाकडे आणि आरपार दिसणाऱ्या पंखांकडे.

हे पंख म्हणजे प्लीक-आ-जूर, पाठ नसलेला मीना (धातूत भाजून बसवलेली रंगीत काच). जयपुरी मीन्यात खाली सोन्याची पाठ असते आणि ती प्रकाश परत फेकते. इथे पाठच नाही, रंगीत काचेच्या खिडकीसारखा प्रकाश पलीकडे जातो. काम कसं होतं ते सविस्तर लिहितो, कारण बहुतेक पुस्तकं इथेच घाई करतात.

सोन्याचा पत्रा साधारण १ मिमी जाड घ्यायचा. बारीक करवतीने घरं, म्हणजे मीना भरायची आरपार भोकं, कापायची. घराची रुंदी ४-५ मिमीच्या आत ठेवलेली बरी, त्यापुढे ओला मीना स्वतःचं वजन पेलत नाही. कोपरे टोकदार ठेवायचे नाहीत, गोलसर करायचे. थंड होताना काच आणि सोनं वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, सगळा ताण कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथूनच जातो. घरांच्या आतल्या भिंती कानशीने थोड्या खडबडीत सोडल्या तर मीना नीट धरतो.

मीन्याची काच खलात पाण्याखाली कुटायची आणि धुवायची. वरचं पाणी दुधाळ दिसतंय तोवर ओतून द्यायचं, नवं घालायचं. ऊर्ध्वपातित पाणीच वापरा, नळाच्या पाण्यातले क्षार रंग मंद करतात. हे धुणं कंटाळवाणं आहे, पण पारदर्शक मीना गढूळ येण्याचं पहिलं कारण म्हणजे राहून गेलेली पीठासारखी भुकटी.

आता भरायचं कसं? दोन वाटा आहेत. एक, खाली अभ्रकाचा किंवा तांब्याच्या पातळ पत्र्याचा तात्पुरता आधार. तांबं नंतर नायट्रिक आम्लात विरघळवायचं, १८ कॅरट सोन्याला ते आम्ल काही करत नाही. कस त्याहून कमी असेल तर कडा खाल्ल्या जातात. दुसरी, आधाराशिवाय, फक्त पाण्याच्या पृष्ठताणावर ओला मीना घरात तोलायचा. यासाठी घरं लहान हवीत आणि हात स्थिर हवा.

मग टिपकागदाने पाणी शोषून घ्यायचं आणि भट्टीच्या तोंडाशी पूर्ण वाळवायचं. ओल राहिली तर वाफ होते आणि सगळा मीना उडतो. भट्टी ७५० ते ८५० अंश सेल्सिअस, वेळ एक-दोन मिनिटं. पहिल्या भाजणीत काच कडांकडे ओढली जाते आणि मध्ये भोक पडतं. तसंच होणार. पुन्हा भरा, पुन्हा भाजा, साधारण चार-पाच वेळा. शेवटी कार्बोरंडमच्या दगडाने पाण्याखाली घासून दोन्ही बाजू सपाट करायच्या. लालीकच्या मीन्याला जो मऊ, धुरकट पोत दिसतो तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने येतो. ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचतं, प्रशिक्षित प्रयोगशाळेबाहेर त्याच्या वाटेला जाऊ नका. बारीक पॉलिश कागदाने जवळपास तसा पोत येतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. १८ कॅरट पिवळं सोनं ९०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं. म्हणजे मीन्याची भाजणी आणि सोन्याचं वितळणं यांत अंतर फार कमी आहे. त्यात डाख जर जस्ताचा असेल तर सांधा सुटतो आणि मीन्यात बुडबुडे येतात. म्हणून या कामात शक्यतो डाख लावतच नाहीत. एकाच पत्र्यातून सगळं कापायचं.

सुवर्णरेखा

@टाकणखार, उत्तम लिहिलंत. दुरुस्तीचं थोडं मी जोडते, कारण बाजारात येणाऱ्या कित्येक फ्रेंच मीन्याच्या वस्तू दुरुस्त केलेल्या असतात.

जुना प्लीक-आ-जूर पुन्हा भट्टीत घालता येत नाही. शेजारी ओपल किंवा चंद्रकांत असतो, तो फुटतो. मूळ मीन्याच्या शेजारच्या घरांतही नवे तडे जातात. म्हणून गेलेलं घर रंगीत राळेने भरतात. डोळ्याला कळत नाही, पण अतिनील दिव्याखाली राळ बहुतेक वेळा खडूसारखी पांढरी-निळी उजळते आणि शेजारची काच वेगळी दिसते. दिवा नसेल तर भिंगातून कड बघा. भाजलेला मीना सोन्याच्या भिंतीला चिकटून वर थोडा चढलेला असतो. राळ मात्र सपाट बसते किंवा काळाबरोबर आकसून भिंतीपासून सुटते.

राळ भरली म्हणजे फसवणूक झाली, असं मी म्हणणार नाही. जपणुकीच्या दृष्टीने तोच मार्ग योग्य आहे, फक्त विक्रेत्याने तसं सांगितलं पाहिजे. आणि अशा वस्तू अल्ट्रासॉनिक यंत्रात कधीच टाकायच्या नाहीत. कोरडा मऊ कुंचला, बास.

शिंगाबद्दलही बोलायला हवं. शिंग गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ होतं, मग सपाट करून साच्यात दाबतात आणि नंतर कोरतात. लालीकने शिंगाचे कंगवे १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रदर्शनांत मांडले. त्याच्यानंतर एलिझाबेथ बोन्ते आणि 'जीआयपी' अशी सही करणारे जॉर्ज पिएर यांनी शिंगाची लटकनं केली, रेशमी दोरीत ओवलेली. ती सामान्य ग्राहकाला परवडत, म्हणून आजही बरीच सापडतात.

शिंगाचे शत्रू दोन. कोरड्या हवेत थर सुटतात, आणि केराटिन खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या त्यात बारीक चर पाडतात. बंद डबीत, आर्द्रता साधारण निम्म्यावर, आणि अधूनमधून उघडून बघणं. तापलेली सुई टोचून खरं-खोटं करायचा उपाय कुठे कुठे सांगतात, तो कृपा करून करू नका, कायमचा डाग राहतो. प्रकाशासमोर धरा, शिंगात रेषा आणि थर दिसतात. सेल्युलॉइड असेल तर अंगठ्याने घासल्यावर कापराचा वास येतो.

शिसपेन्सिल

घडणीच्या आधीचा टप्पा राहिला, रेखाटन. फ्रेंच पद्धतीत दागिन्याचं चित्र गुआश (अपारदर्शक जलरंग) रंगात, खऱ्या मापात काढतात आणि उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरतात. हा संकेत सगळे पाळतात. त्यामुळे घडवणाऱ्याला चित्रातल्या सावलीवरून उंची कळते, वेगळं सांगावं लागत नाही. पैलूदार हिऱ्यात डावी-वरची बाजू गडद आणि उजवी-खालची उजळ दाखवतात, कारण पारदर्शक खड्यात उजेड आत शिरून पलीकडच्या पैलूंवर उजळतो. घोटीव अपारदर्शक खड्यात बरोबर उलटं. जुन्या चित्रात हे चुकलेलं दिसलं तर चित्र नंतरचं आहे का अशी शंका घ्यायला जागा असते.

मुकुटांसाठी पॅरिसच्या शोमे या सराफ घराण्याने आणखी एक गोष्ट केली. निकेल, तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूत पूर्ण आकाराचा नमुना बनवायचा, त्यावर खड्यांचे रंग चितारायचे आणि ग्राहकाच्या डोक्यावर ठेवून बघायचं. अशी शेकडो प्रारूपं त्यांच्याकडे आहेत. गारगोटींच्या मुद्द्याला हे फार जवळचं आहे. खरे मुकुट मोडले गेले, स्वस्त धातूची प्रारूपं राहिली. आज त्या मुकुटांच्या घडणीचा अभ्यास करायचा तर हाच पुरावा.

पाचूबन

मराठी घराण्यांचा यात थेट संबंध आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी (तिसरे) १९१३ च्या सुमारास शोमेकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, ४६.९५ आणि ४६.७० कॅरट. शोमेने त्यांचा हार साधा ठेवला होता. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात पॅरिसच्याच मोबुसाँ या सराफांनी तेच हिरे नव्या, भौमितिक धाटणीच्या हारात बसवले. चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेलने १९३४ मध्ये यशवंतरावांचं मराठा पोशाखातलं जे चित्र काढलं, त्यात गळ्यात हे हिरे आहेत. १९४६ मध्ये अमेरिकन सराफ हॅरी विन्स्टनने ते विकत घेतले आणि पुन्हा पैलू पाडून वजन ४४.६२ आणि ४४.१८ वर आणलं.

म्हणजे साधारण तेहतीस वर्षांत तीन घडणी. यशवंतरावांना घडणीची नजर नव्हती असं कोणी म्हणू नये. वास्तुकार एकार्ट मुथेसिउसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेणारा, रुलमानकडून फर्निचर करवून घेणारा हा माणूस होता. पॅरिसच्या सजावटकलेतलं तेव्हाचं सगळ्यात पुढचं काम त्याला ठाऊक होतं. माझ्या मते तो खडा जपत होता आणि घडण काळाबरोबर बदलत होता, आणि ते त्याच्या दृष्टीने योग्यच होतं. आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडून नव्या बांगड्या करतात, त्यामागे हाच हिशोब असतो.

म्हणून गारगोटींशी थोडा मतभेद नोंदवतो. मोडणं हा त्या कलेचा शत्रू नाही, तिचं इंधन आहे. जुने खडे परत आले नसते तर मोबुसाँला काम कुठून मिळालं असतं?

गारगोटी

@पाचूबन, इंधन मान्य. पण इंधन जळून गेल्यावर मागे काय राहिलं हे आपण विचारायचंच नाही का? १८८७ च्या मे महिन्यात तिसऱ्या प्रजासत्ताकाने राजमुकुटाचे दागिने लिलावात काढले. घेणाऱ्यांत बरेच सराफ होते, टिफनी सगळ्यात मोठा. त्यांनी खडे काढून घेतले. सम्राज्ञी युजेनीसाठी क्रेमर या सराफाने १८५५ मध्ये केलेली हिऱ्यांच्या फितीची मोठी गाठ मोडली नाही, म्हणून लूव्रला ती २००८ मध्ये परत घेता आली. १९ ऑक्टोबर २०२५ च्या लूव्रमधल्या चोरीत जे आठ दागिने गेले त्यांत तीही होती. तेव्हा जगभरच्या जाणकारांना धास्ती वाटली ती हीच, की हिरे सुटे होतील आणि गाठ संपेल. हिऱ्यांचं मोल सुटं केल्यावरही बरंचसं राहतं. क्रेमरच्या कामाचं शून्य होतं.

झाळकाम

प्लॅटिनमचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो.

१९ व्या शतकापर्यंत हिऱ्याचं कोंदण चांदीचं असे, कारण सोन्याचा पिवळेपणा हिऱ्यात उतरतो. चांदी काळवंडते आणि कातडीला, कपड्याला डाग लावते, म्हणून मागून सोन्याची पाठ झाळत. चांदी मऊ, मग ती जाड ठेवावी लागे. जुना हिऱ्यांचा ब्रोच हातात जड लागतो, त्याला कारण बऱ्याचदा हेच.

प्लॅटिनम १७६८ अंशांवर वितळतं. साध्या फुंकणीला ते दाद देत नाही, ऑक्सिजनची ज्योत लागते. ती १९०० च्या आसपास कारखान्यांत रुळली आणि पॅरिसच्या कार्तिए घराण्याने पुष्पमाला शैलीचे दागिने केले. तारेची धार वर ठेवायची, म्हणजे समोरून फक्त रेघ दिसते. धातू इतका ताठ की तेवढी रेघ हिरा पेलते. नक्षी घेतली १८ व्या शतकातली, पॅरिसच्या इमारतींवरच्या माळा, जाळ्या, फिती बघून.

काम करताना काय बिघडतं? प्लॅटिनमला सवागी (टाकणखार) लागत नाही, ते तापवल्यावर काळं पडत नाही. पण कोळशावर ठेवून झाळलं तर कार्बन आत शिरतो आणि पुढे ते ठिसूळ होतं. शिसं आणि ॲल्युमिनियम तर त्याहून वाईट, कण चिकटला आणि तापवलं की भोकच पडतं. कानस, पक्कड, सगळी हत्यारं वेगळी ठेवावी लागतात. पॉलिशला सोन्याच्या कितीतरी पट वेळ जातो. नंतरच्या दुरुस्त्या ओळखणं मात्र सोपं. सोन्याचा डाख लावला असेल तर सांध्याला पिवळट किंवा करडी रेघ दिसते.

पाठ बघायला विसरू नका. चांगल्या फ्रेंच कामात प्रत्येक हिऱ्याखालचं भोक मागून करवतीने मोठं करून जाळीसारखं कापलेलं असतं. उजेड येतो, मळ धुऊन निघतो, वजन उतरतं. भोकं नुसती गोल, गिरमिटाने पाडून सोडलेली असतील तर काम घाईचं.

सराफकट्टा

खुणांचं मी सांगतो.

१८३८ पासून फ्रान्समध्ये १८ कॅरट सोन्यावर गरुडाचं मुख ठोकतात. प्लॅटिनमला कुत्र्याचं मुख, १९१२ पासून. १९०० ते १९१२ मधल्या प्लॅटिनमच्या दागिन्यावर फक्त गरुड दिसला तर दचकू नका, धातूला तेव्हा स्वतःची खूण नव्हती. घुबड दिसलं तर वस्तू परदेशातून आलेली किंवा मूळ ठाऊक नसलेली, ही खूण १८९३ पासून. म्हणजे घुबड असलेली वस्तू फ्रेंच असू शकते, बाहेर जाऊन लिलावातून परत आलेली, पण ते खुणेवरून सिद्ध होत नाही.

कारागिराची खूण समभुज चौकटीत असते, आत आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. ही प्रथा १७९७ च्या कायद्यापासून. बरेच लोक पेटीवरचं दुकानाचं नाव वाचतात आणि चौकट बघतच नाहीत. पॅरिसमधली मोठी दुकानं बाहेरच्या कारखान्यांकडून काम करून घेत, खरा घडवणारा चौकटीत आहे.

खूण कुठे शोधायची? ब्रोचच्या सुईवर, हाराच्या फाशाच्या जिभेवर, अंगठीच्या दांडीच्या बाहेरच्या अंगाला. खूण ठोकताना खाली कोरलेली ऐरण असे, म्हणून १९ व्या शतकातल्या वस्तूवर खुणेच्या मागच्या बाजूला बारीक किड्यांची नक्षी उमटते. भिंगातून हे बघायला फार सुंदर आहे, आणि नकली करणाऱ्याचं त्याकडे बहुधा लक्ष नसतं. साच्यात ओतलेल्या नकलेत गरुडाच्या कडा मेणासारख्या गोल येतात, ठोकलेल्या खुणेत धातू बाजूला सरकून कड उठलेली दिसते.

सही मात्र नंतरही कोरता येते. 'लालीक' वाचून खरेदी करू नका.

पैलू

शेवटचं मोठं तंत्र म्हणजे पॅरिसच्या व्हान क्लीफ अँड आर्पेल्स घराण्याचं गूढ कोंदण, पेटंट २ डिसेंबर १९३३. वरून धातू दिसतच नाही, माणकांची अखंड मखमल दिसते. प्रत्येक चौकोनी माणकाच्या कडेखाली समोरासमोर दोन खाचा कापतात. खाली सोन्याच्या रुळांची जाळी असते, रुळाची जाडी ०.२ मिमीच्या आत. माणकं एकामागून एक त्या रुळावर सरकवत नेतात आणि शेवटी टोक बंद करतात. पृष्ठभाग वळणदार असेल, पाकळी म्हणा, तर प्रत्येक माणिक वेगळ्या कोनात कापावं लागतं. एका ब्रोचला ३०० तास सहज लागतात.

पाचू या कामात फारसा दिसत नाही. त्यात नैसर्गिक भेगा जास्त, खाच कापतानाच तुकडा उडतो. माणिक आणि नीलम कठीण आणि चिवट, म्हणून ते चालतात. तरी मधलं एक माणिक टवकलं तर त्या रांगेतली टोकापर्यंतची सगळी काढावी लागतात आणि बदली खडा रंगाला जुळवून त्याच मापात कापावा लागतो.

आपल्या बाजारात 'इनव्हिजिबल सेटिंग' म्हणून जे हिऱ्यांचे चौकोन विकतात, त्यामागचं तत्त्व हेच, पण रूळ जाड आणि खाचा ढिल्या असतात. अशी अंगठी मापाला मोठी-लहान करायला देऊ नका. दांडी वाकली की जाळी पिळते आणि खडे सैल होतात.

सुवर्णरेखा

बघायला कुठे जावं असं दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. पॅरिसला रिव्होली रस्त्यावरच्या सजावटकला संग्रहालयात दागिन्यांचं स्वतंत्र दालन आहे, सुमारे १२०० वस्तू, मध्ययुगापासून आजपर्यंत. एकाच फेरीत चांदीपासून प्लॅटिनमपर्यंतचा बदल डोळ्यांनी कळतो. कार्नावाले संग्रहालयात अल्फोन्स मुखाने १९०१ मध्ये जॉर्ज फूकेसाठी सजवलेलं अख्खं दुकान उभं केलंय, दागिना कुठल्या वातावरणात विकला जाई ते तिथे समजतं. लालीकसाठी मात्र लिस्बनच. चतुरस्त्रीसमोर उभ्या राहिलात तर पंखांच्या मुळाशी बघा. तिथे बिजागऱ्या आहेत. एवढा मोठा दागिना ताठ असता तर चोळीवर बसलाच नसता आणि पहिल्याच हालचालीत मीना तडकला असता.

टाकणखार

बरोबर, आणि घरांची मापंही बघा.   सोबत छोटी दुर्बीण ठेवा, काचेच्या पेटीपासून नजर पुरत नाही.